कडेवर पोर घेतलेला बाबा

पाट्या कोरणाऱ्याचा एक नियम असतो: मजकूर कोणाचा, ते आधी विचारून घ्यायचं. कागदावरचं खोडता येतं, दगडावरचं नाही. दहिवलीला माझं दुकान आहे आणि इकडे वाढलेल्या बंगल्यांवरच्या निम्म्या पाट्या माझ्या हातच्या आहेत. आजवर एकच पाटी परत आली. त्या साहेबांनी घराला बायकोचं नाव दिलं होतं आणि पुढे बायकोच बदलली. त्यात माझी चूक नव्हती.

मागच्या नोव्हेंबरात मात्र माझ्या सख्ख्या आईने मला अशी पाटी करायला सांगितली, की मजकूर कोणाचा हे विचारता विचारता माझी मती गुंग झाली.

पाटी रेजिनाबाईंसाठी होती. रेजिनाबाई मूळच्या वसईच्या. तिकडच्या मराठी शाळेत जन्मभर शिकवून निवृत्त झाल्या आणि पंचवीस वर्षांपूर्वी आमच्या गावाबाहेर लहानसं घर बांधून राहिल्या. एकट्याच. अंगणात आंब्याखाली त्यांनी एक घुमटी बांधून घेतली. तिच्यात हातभर उंचीचा पुतळा: तपकिरी झग्यातला, डोक्याच्या मधोमध भादरलेला एक साधू आणि त्याच्या कडेवर बाळ. हे संत अंतोनी. हरवलेलं शोधून देणारे म्हणून ख्रिस्ती लोकांत त्यांचं नाव आहे. बाई दर मंगळवारी त्यांच्यापुढे मेणबत्ती लावत.

आता बाई चौऱ्याऐंशीच्या झाल्या होत्या. भाची त्यांना वसईला न्यायला येणार होती, येत्या मंगळवारी. त्याआधी घुमटीखाली प्रार्थनेची पाटी बसवायची, असा माझ्या आईचा हट्ट होता. आई म्हणजे भागूबाई. सोळा वर्षं ती बाईंकडे झाडलोट आणि बागेचं बघत होती.

"नवस हाय माजा," ती म्हणाली. "बाबानं माजं आयकलं. बाय जायच्या आदी पाटी लागली पायजे."

"मजकूर?"

आईला लिहिता येत नाही. तिने उभ्याउभ्या म्हणून दाखवलं आणि मी लिहून घेतलं:

कडेवर बाळ घेतलेल्या बाबा,
तुमचे हात गुंतलेले आहेत, तरी ऐका.
काय हरवले आहे ते तुम्हाला ठाऊक आहे.
सुपातले तांदूळ आणि खडे तुम्हीच निवडता.
वस्तू जिथे असेल तिथे कोणाच्या कामी येवो.
माणूस मात्र परत बोलू दे.

"आणि खाली नाव काय घालू?"

"संत अंतोनी. त्येचीच हाय ती. बायनीच शिकवली मला." मग म्हणाली, "ती वस्तूची ओळ बारीक अक्षरात कोर."

"का?"

"जागा पुरायची नाय."

जागा भरपूर होती. पण आईशी वाद घालण्यात हशील नसतं, म्हणून मी मान डोलावली.

माणूस परत बोलू दे, ही ओळ आईने का धरून ठेवली होती, ते मला माहीत होतं. आमच्या घरात अकरा वर्षं दोन बायका एकमेकींशी बोलत नव्हत्या. एक आई आणि दुसरी माझी आजी अंबूबाई, म्हणजे आईची सासू.

भांडण नथीवरून झालं. मी तेव्हा नऊ वर्षांचा. आळीत लग्न होतं म्हणून आजीने आपली नथ आईला घालायला दिली. दोन दिवसांनी आई खालापूरकडे तिच्या माहेरी गेली, कारण हिरूमामाची बायको अडली होती. पोर आडवं आलं होतं. तिला खोपोलीला हलवून पोट फाडून पोरगी काढावी लागली. तीच माझी मामेबहीण समीक्षा, आता नेरळला एका बिल्डरच्या ऑफिसात नोकरी करते. आई आठ दिवसांनी परत आली तेव्हा आजीने नथ मागितली. आई म्हणाली, हरवली. आजी खळ्यावर सूप घेऊन बसली होती, भोवती चारचौघी होत्या, आणि त्या सगळ्यांसमोर ती म्हणाली, "हरवली, का पोचली माह्यारी?"

बस. आईने त्या दिवशी तोंड मिटलं ते मिटलंच. आजीनेही मग इरेला पेटून तेच केलं.

अकरा वर्षं या दोघींमधला टपाल म्हणजे मी. "किरण, आजीला सांग, भाकरी झाली." आजी हातभर अंतरावर बसलेली असायची, तिला सगळं ऐकू जायचं, पण मी सांगेपर्यंत ती हलायची नाही. मग मी म्हणायचं, "आजी, भाकरी झाली." त्यावर ती, "आईला सांग, मला भूक नाय." मी शाळेत गेलो की आमच्या वाघ्या कुत्र्याला सांगत. अण्णा, म्हणजे माझे वडील, सरळ शेतावर निघून जात. तिकडे कुणी निरोप देत नाही, असं म्हणायचे.

मी आईच्या बाजूचा होतो. आजीने नथीसाठी घर पालथं घातलं, पेंढ्याची उडवी उलगडली, शेणाच्या खड्ड्यातसुद्धा काठी घालून पाहिली. आईने एकदाही शोधलं नाही. मला तो तिचा मानीपणा वाटायचा. जिच्यावर आळ घेतला तिने कशाला शोधावं? आजीचा मला इतका राग होता की तिच्या पाया पडतानाही मी पुरता वाकायचो नाही. आज सांगताना लाज वाटते, पण तसंच होतं.

आजी रेजिनाबाईंकडे कामाला जायची. पुढे तिचे गुडघे गेले आणि तिच्या जागी आई जाऊ लागली. तिथे आईला ही प्रार्थना मिळाली. चार वर्षं दर मंगळवारी ती घुमटीपुढे उभी राहून म्हणायची. आणि एका सकाळी आजी मोरीत पाय घसरून पडली, आई चुलीपुढून ओरडत धावली, "आत्या!" अकरा वर्षांनंतरचा तो पहिला शब्द. आजी पडल्यापडल्या रडायला लागली, कंबर दुखतेय म्हणून रडतेय असं सगळ्यांना वाटलं.

त्यानंतर तीन वर्षं त्या बोलल्या. चहा घ्या, गोळी घेतली का, उन्हात बसा. नथीचं नाव कुणी काढलं नाही. मग आजी गेली. आई म्हणते, तेवढी तीन वर्षं बाबाने दिली. म्हणून पाटी.

इथवर सगळं सरळ होतं.

शुक्रवारी मी घुमटीचं माप घ्यायला गेलो तर बाईंकडे एक फादर आले होते. बाईंचेच जुने विद्यार्थी, सामान बांधायला मदत करत होते. त्यांनी माझ्या हातातला कागद वाचला, परत वाचला.

"छान आहे," ते म्हणाले. "पण ही संत अंतोनींची नाही. यात त्यांचं नावसुद्धा नाही."

"मग त्यांची कुठली?"

फादर खोक्यावर बसले आणि त्यांनी मला गोष्ट सांगितली. आठशे वर्षांपूर्वीची. अंतोनींचं स्तोत्रांचं एक पुस्तक होतं. तेव्हा छापखाने नव्हते, पुस्तक हाताने लिहिलेलं आणि समासात त्यांची स्वतःची टिपणं. एक नवशिका मठ सोडून जाताना ते घेऊन गेला. अंतोनींनी प्रार्थना केली आणि तो पोरगा पुस्तक घेऊन परत आला. तेव्हापासून हरवलेलं शोधायला लोक त्यांना हाक मारतात, अशी कथा आहे.

"मग त्या वेळी त्यांनी जे म्हटलं, तेच कोरू ना."

"ते शब्द कुणाला माहीत नाहीत. लोक म्हणतात ती प्रार्थना ते वारल्यावर ज्युलियन नावाच्या एका ब्रदरने रचली असं मानतात."

"म्हणजे संताची प्रार्थना संताची नाही?"

"संताकडे करायची आहे. संताने केलेली नाही."

माझं डोकं भणभणलं. आमच्या तालुक्यात शेताच्या बांधावरून चार पिढ्यांचे दावे चालतात, पण निदान सातबाराचा उतारा तरी काढता येतो. प्रार्थनेचा उतारा कुठून काढायचा? एक प्रार्थना, जी संताची नाही, ज्युलियनची आहे. दुसरी, जी ज्युलियनचीही नाही. आणि माझ्याकडे काळा ग्रॅनाइट घासून तयार, खाली नावापुरती जागा सोडलेली.

घरी येऊन आईला सांगितलं तर ती माझ्यावरच उखडली. "त्यो फादर तरणा हाय, त्येला काय म्हाईत? तुला सांगितलं तेवढं कोर."

"आई, खोटं नाव कसं कोरू?"

"खोटं?" ती म्हणाली. मग उठून भांडी घासायला गेली, जी आधीच घासलेली होती.

शनिवारी मी पुन्हा बाईंकडे गेलो. फादर गेले होते. बाई वेताच्या खुर्चीत बसून जुन्या फोटोंना कागद गुंडाळत होत्या.

"बाई, ती प्रार्थना आली कुठून?"

"जुनी आहे रे."

"कुणाची?"

"असेल आमच्याकडच्या कुणाची. वसईला अशा पुष्कळ म्हणतात."

"पण फादर वसईचेच आहेत. त्यांनी कधी ऐकली नाही."

"मग पुस्तकात वाचली असेन मी. आता या वयात आठवतं का सगळं?"

पाच मिनिटांत तीन उत्तरं. वर्गात मी असं केलं असतं तर बाईंनी बाकावर उभं केलं असतं. मला खरंच राग आला. "बाई, तुम्ही मंगळवारी जाल. पाटी इथेच राहणार. दगडात खोटं कोरायला लावू नका मला."

बाईंनी फोटो खाली ठेवला. मग म्हणाल्या, "त्या पत्र्याच्या पेटीत निळी वही आहे. घे."

वहीत बाईंचं मोत्यासारखं अक्षर. जात्यावरच्या ओव्या, म्हणी, लग्नातली गाणी. कामाला येणाऱ्या बायकांकडून त्या लिहून घेत असाव्यात. मधल्या एका पानावर वर लिहिलं होतं, 'अंबूबाई, दर मंगळवारी.' खाली:

कडंवर पोर घेतल्या बाबा, तुमचं हात गुतलंत, तरी आयका. काय हरवलंय ते तुमाला ठावं हाय, मी सांगत नाय. सुपातलं तांदूळ न् खडं तुमीच निवडता. नथ गेली तिथं त्या लेकराच्या कामी येवो. सून माजी माज्याशी बोलू दे.

मी वरचं नाव पुन्हा वाचलं. आजी? रोज उंबऱ्यात बसून आईच्या नावाने बोटं मोडणारी आजी?

"ही प्रार्थना नाहीच," बाई म्हणाल्या. "गाऱ्हाणं आहे. तुमच्याकडे ग्रामदेवाला घालतात ना, तसं. तिला संताचं नाव ठाऊक नव्हतं, मीही सांगायला गेले नाही. बाळ कडेवर आहे तर या माणसाला घरचं दुखणं कळेल, एवढंच तिचं म्हणणं. सात वर्षं, एक मंगळवार चुकला नाही."

"मग आईला संताची म्हणून का सांगितलं?"

"सासूची आहे म्हटलं असतं तर तुझ्या आईने म्हटली असती का?"

मी पानावरच्या नथीवर बोट ठेवलं.

"नथ आणि सून मी काढली. भाषा नीट केली. मास्तरणीची खोड. मला वाटलं, दोघी एकच मागायला लागल्या तर घुमटीतल्या यांना ऐकायला सोपं जाईल." त्यांनी डोळे पुसले. "चांगलं केलं की वाईट, मला अजून समजत नाही, किरण. खोटं तर बोललेच ना मी. तेही संताच्या नावावर."

मी वही घेऊन घरी आलो. येताना मी आधी आनंदात होतो, मग घाबरलो, मग काहीच कळेना. आई जी प्रार्थना बाबाची म्हणत होती ती आजीची निघाली. मग आईचं कुणी ऐकलं? बाबाने? की कुणीच नाही, नुसती मोरी निसरडी होती? आईला सांगावं की नाही? पण पाटी कोरणाऱ्याने एकदा खरा मजकूर पाहिला की त्याचे हात दुसरं काही कोरत नाहीत.

आई ओट्यावर सूप घेऊन तांदूळ निवडत बसली होती. मी समोर बसून सांगितलं, ही आजीची आहे, आणि वाचून दाखवलं. सूप थांबलं.

"परत वाच."

मी परत वाचलं.

"लेकराच्या, असंच हाय?"

"हो. त्या लेकराच्या कामी येवो."

"कदी लिवलंय?"

मी तारीख बघितली. नथ गेली त्याच्या दुसऱ्याच वर्षातली होती. सांगितली. आईने सूप बाजूला ठेवलं. खडे आणि तांदूळ पुन्हा एकत्र झाले, तिने पाहिलंही नाही. ती आत जाऊन भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. जेवली नाही. एवढ्या ओळी सोडून तिने लेकराचंच का विचारलं, ते मला तेव्हाही कळलं नाही. मी उलटी ठेवलेली पाटीही वाचू शकतो, पण घरातलं सरळ वाचायला मला वेळ लागतो.

रविवारी सकाळी मी विचारलं, "काय कोरू?"

"वहीत हाय तसं."

"खाली नाव?"

तिने कालचं सूप पुन्हा निवडायला घेतलं. मी दोन दिवस बसून वहीतलं जसंच्या तसं कोरलं, नथीसकट, सुनेसकट. सगळ्या ओळी एकाच मापाच्या. खालची जागा कोरीच ठेवली.

मंगळवारी सकाळी घुमटीखाली पाटी बसवली. बाईंना खुर्चीसकट अंगणात आणलं. भाचीची गाडी दारात उभी होती, ती आत सामान मोजत होती. बाईंनी मेणबत्ती लावली. आई पदर खांद्यावरून घेऊन उभी होती. तिला वाचता येत नाही, तरी ती ओळीवरून ओळीवर बोट फिरवत होती. शेवटून दुसऱ्या, नथीच्या ओळीवर बोट थांबलं.

"किरण," ती म्हणाली, "आजीला सांग."

मी तेहतीस वर्षांचा बाप्या माणूस, मला दोन मुलं आहेत. पण तो आवाज ऐकून मी नऊ वर्षांचा असल्यासारखा ताठ उभा राहिलो.

"आजीला सांग, नथ हरवली नव्हती. समीक्षाच्या टायमाला मीच दिली हिरूला. वैनी मरत व्हती, त्येच्याकडं गाडीभाड्यालाबी काय नव्हतं. घरी येऊन सांगनार व्हते. पन आत्या चारचौघीत तसं बोलली, मंग मला सांगताच येईना. आनि नंतर... नंतर लय उशीर झाला."

मला कुणाकडे तोंड करावं ते कळेना. आजी तर नव्हती. समोर तो कडेवर पोर घेतलेला बाबा होता. मी त्याच्याकडे वळलो आणि सवयीने शब्द न शब्द सांगितला. "आजी, नथ हरवली नव्हती. समीक्षाच्या वेळी आईनेच दिली." अकरा वर्षं मी ज्या बाईचा दुस्वास केला तिला हे आधीच ठाऊक होतं आणि ती गुडघे दुखत असताना इथे उभी राहून नथ सोडून भलतंच मागत होती.

सांगून झाल्यावर मी तसाच उभा राहिलो. टपालाने उत्तर घेऊनच परत जायचं असतं.

"काय म्हनली?" आईने विचारलं.

मी पाटीकडे पाहिलं आणि शेवटची ओळ वाचली, "सून माजी माज्याशी बोलू दे."

आई खाली बसली आणि मोठ्याने रडली. आजी गेली तेव्हाही ती अशी रडली नव्हती. बाईंनी खुर्चीतून हात लांब करून तिच्या डोक्यावर ठेवला. आत भाचीचं सामान मोजणं थांबलं होतं.

आईने नाक पुसलं. "खाली कोरं का ठेवलंस?"

"नाव कुणाचं घालू, तू सांगितलं नाहीस."

"आत्याचं घाल. अंबूबाई."

"आणि बाबाचं?" मी विचारलं. मला खरंच कळत नव्हतं. मागणारी ती होती, पण ऐकलं असेल तर यानेच ऐकलं होतं, आणि नवसही याच्याच नावाचा होता.

"त्येला कशाला पायजे नाव," आई म्हणाली. "त्येचे हात गुतलेत."

बाईंनी भाचीला सांगितलं, गाडी जरा थांबव. मी पिशवीतून छन्नी काढली आणि पाटीपुढे मांडी घालून बसलो.